ठोकळ्यांची पिशवी आणि ओले धान्य

नाशिक फाट्याच्या मेट्रो स्थानकाच्या जिन्याखाली आम्ही ती पिशवी घेतली तेव्हा रविवारची दुपार होती आणि पाऊस लागून राहिला होता. तीन किलो लेगोचे जुने ठोकळे, किंमत 4,500 रुपये. मोबाईलवर जुन्या वस्तूंचा जो बाजार भरतो, तिथे जाहिरात पाहिली होती. फोटो झकास होते. विकणारा घाईत होता आणि आमचीही स्कूटर पावसात उभी होती. पिशवीचे तोंड उघडले, वरून हात फिरवला. वरच्या ठोकळ्यांवर ते इवलेसे नाव दिसले. पैसे पाठवले आणि निघालो.

घरी दस्तरखानाची जुनी चादर अंथरून मुलांनी पिशवी ओतली. थोरला नववीत, धाकटी पाचवीत. पाच मिनिटे नुसता खळखळाट आणि आनंद. मग थोरला गप्प झाला. त्याने एक ठोकळा उलटसुलट केला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. "अब्बू, हे सगळे ओरिजिनल नाहीत." संध्याकाळपर्यंत बसून आम्ही दोन ढीग केले. अस्सल जेमतेम निम्मे. बाकीचे कोणत्या तरी बिननावाच्या कंपनीचे, काही तर इतके सैल की दोन जोडून उचलले की खालचा गळून पडे. वरचा थर तेवढा निवडून रचलेला होता.

विक्रेत्याला संदेश पाठवला. उत्तर नाही. दोन दिवसांनी त्याचे खातेच दिसेनासे झाले.

कोणी म्हणेल, खेळण्याचे एवढे काय? पण 4,500 रुपये ही आमच्या घरात खेळण्याची रक्कम नाही. थोरल्याने दोन वर्षांची ईदी साठवली होती, उरलेले आम्ही घातले होते. नवे का नाही घेतले, असेही विचारले जाते. नव्याची किंमत एकदा दुकानात पाहून या. आपल्याकडे खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क 2020च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023मध्ये 70 टक्के. शिवाय 1 जानेवारी 2021पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या सुरक्षेसाठी ही सक्ती योग्यच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण परदेशी ठोकळ्यांचा मोठा सेट मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर गेला, हेही खरे. दुबईच्या नातेवाइकांनी भेट म्हणून कुरिअरने पाठवावा, तर तीही वाट स्वस्त नाही. डिसेंबर 2019पासून जीवरक्षक औषधे आणि राख्या सोडून भेटवस्तू म्हणून टपालाने किंवा कुरिअरने शुल्कमुक्त माल आणायला मनाई आहे, पूर्ण शुल्क भरावे लागते. मग उरतो तो जुन्याचा बाजार.

आणि आपल्या पट्ट्यात जुना माल निघतोही. चाकण, तळेगाव, तळवडे या भागात जर्मन, जपानी, कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत. परदेशातून आलेली कुटुंबे दोन-तीन वर्षे राहतात आणि जाताना घर रिकामे करतात. सोफा, फ्रिज, सायकल आणि मुलांच्या ठोकळ्यांचा डबा. त्यांच्याकडून निघालेला डबा हातोहात जातो. मध्ये एखादा व्यापारी असला, की मात्र डब्यात काय काय मिसळले गेले ते अल्लाहलाच ठाऊक.

आमचे मामू भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये तीस वर्षे साचे घासत आले. गाडीच्या डॅशबोर्डचे, स्विचच्या डब्यांचे साचे. पुढच्या आठवड्यात ते घरी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि दोन ठोकळे हातात घेऊन असे बघू लागले, जसा सोनार बघतो. "हे बघ," ते म्हणाले, "माल एबीएस आहे. आमच्या कारखान्यात दाण्याच्या गोणी येतात, तोच. मशीन पण तेच. फरक साच्यात आहे." मामूंच्या मते प्लॅस्टिक ओतणे कुणालाही जमते. पण लाखो वेळा साचा उघडून मिटल्यावरही माप न हलणे, तेवढ्यासाठी पैसे मोजावे लागतात. लेगोच्या साच्यात मापाची सूट मिलिमीटरच्या शंभराव्या हिस्स्याच्या आसपास असते. आपला केसही त्याहून कितीतरी जाड. म्हणून दोन ठोकळे दाबले की 'टक' होऊन बसतात, आणि पाच वर्षांच्या मुलाच्या बोटांनीही निघतात. फार घट्ट नाही, फार सैल नाही. 28 जानेवारी 1958 रोजी डेन्मार्कमध्ये या जोडणीच्या पेटंटचा अर्ज झाला. तेव्हापासूनचा ठोकळा आज बनलेल्या ठोकळ्यात बसतो. जुन्याला किंमत राहते ती यामुळेच. खेळणे जुने होते, माप जुने होत नाही.

मामूंनी ओळखायच्या खुणाही सांगितल्या. अस्सल ठोकळ्याच्या जवळपास प्रत्येक खुंटीवर कंपनीचे नाव उठावात असते, अगदी बारीक. खुंट्या नसलेल्या तुकड्यांवर ते आतल्या बाजूला सापडते. ठोकळा उलटा केला तर आत बारीक आकडा असतो, तो त्या घडणीचा क्रमांक. भंगारवाल्यांची एक जुनी परीक्षा आहे: पाण्याच्या बादलीत टाका. एबीएस बुडते, पॉलिप्रॉपिलीन तरंगते. ठोकळ्याच्या पोकळीत हवा अडकते, म्हणून पाण्याखाली धरून बुडबुडे काढून टाकावे लागतात. कुदळवाडीत ही परीक्षा जाणणारे कितीतरी लोक होते, फेब्रुवारी 2025च्या महापालिकेच्या कारवाईत तिथली गोदामे हटली आणि ती माणसे पांगली. बादलीच्या परीक्षेने आमच्या ढिगातले अठरा-वीस तुकडे तरंगले. बाकीची नक्कलही एबीएसचीच होती, तिला नावच बघावे लागले.

इथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी, कारण मुलांसमोर आपण पटकन "चोर कंपन्या" म्हणून मोकळे होतो. दुसऱ्या कंपनीने जुळणारे ठोकळे करणे ही चोरी नाही. पेटंटची मुदत कधीच संपली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने 2010मध्ये सांगितले की ठोकळ्याचा कामाचा आकार हा कोणा एकाचा व्यापारचिन्ह होऊ शकत नाही. खुद्द लेगोनेही हा आकार शून्यातून काढलेला नाही. इंग्लंडच्या हिलरी पेज यांच्या किडीक्राफ्ट ठोकळ्याचा नमुना पाहून ओले कर्क क्रिस्टियानसेन आणि त्यांच्या मुलाने 1949मध्ये आपला ठोकळा काढला, पुढे त्यात आतल्या नळ्या घालून तो सुधारला. गुन्हा आहे तो दुसऱ्याचे सेट, चित्रे, खोके जसेच्या तसे उचलण्यात. शांघायच्या पोलिसांनी एप्रिल 2019मध्ये लेपिन या नावाचा कारखाना बंद केला तो त्यासाठी. म्हणजे आमच्या पिशवीतला बिननावाचा ठोकळा स्वतः गुन्हेगार नव्हता. त्याला 'लेगो' म्हणून विकणारा खोटे बोलला होता.

जगात या जुन्या ठोकळ्यांचा व्यापार किती शिस्तीने चालतो, हे थोरल्यानेच आम्हाला दाखवले. 2000 साली डॅन येझेक नावाच्या तरुणाने एक ऑनलाइन बाजार उघडला, आधी नाव ब्रिकबे, नंतर ब्रिकलिंक. तिथे सेटच नव्हे तर एकेक सुटा तुकडा विकला जातो. प्रत्येक तुकड्याला क्रमांक, प्रत्येक रंगाला नाव, नवा की वापरलेला याची नोंद, ओरखडा असेल तर तोही लिहायचा. येझेक 2010मध्ये तरुणपणीच वारले. बाजार मात्र टिकला आणि 2019च्या अखेरीस खुद्द लेगो कंपनीने तो विकत घेतला. तिथे माणूस आपल्या सेटमधून हरवलेली एक दाराची चौकट शोधतो आणि दुसऱ्या देशातला कुणीतरी ती पाकिटात घालून पाठवतो. भारतात बसून तिथून मागवायचे तर टपालखर्च तुकड्याच्या कितीतरी पट होतो, म्हणून आम्ही त्या वाटेला गेलो नाही. पण त्या नोंदी सर्वांना खुल्या आहेत. एखाद्या सेटमध्ये नेमके किती आणि कोणते तुकडे असतात, हे घरबसल्या ताडून पाहता येते. विकत घेण्याआधी हे केले असते तर... असो.

आता आमच्यासमोर खरा प्रश्न उभा राहिला. अस्सल ढिगातून मुलांनी दोन सेट जुळवले, त्यातला एक ट्रक विकून काही पैसे परत मिळवायचे ठरले. आणि नकली ढीग? दीड किलो माल घरात पडून. धाकटीने सहज सुचवले, तिच्या मनात पापही नव्हते: "आपण पण तसाच फोटो काढू या ना. चांगले वर ठेवू."

आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. राग यायला हवा होता, पण तिने दुसरे काय केले होते? आम्हाला ज्याने शिकवले तेच तिने म्हटले.

पैगंबर मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारातून जाताना धान्याच्या एका ढिगाशी थांबले, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी मदरशात ऐकली असेल. त्यांनी ढिगात हात घातला, आत बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने सांगितले, पावसाने भिजले. पैगंबरांनी (स.) विचारले की मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसेल असे? आणि फसवणारा आमच्यापैकी नाही, अशा अर्थाचे कडक शब्द उच्चारले. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. आम्ही ती कितीदा वाचली होती. पण पावसात भिजत घेतलेली ती पिशवी समोर असताना वाचली तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली: त्या व्यापाऱ्याला धान्य भिजल्याबद्दल काही म्हटले गेले नाही. पाऊस त्याच्या हातात नव्हता. हातात होते ते कोणता थर वर ठेवायचा एवढेच. ओले धान्यही विकता येते. ओले म्हणून.

दादीने मग इमाम अबू हनीफा (रह.) यांची हकीकत सांगितली. ते कूफ्यात कापडाचे मोठे व्यापारी होते. भागीदाराकडे माल पाठवताना त्यांनी बजावले की अमुक ठाणात खोट आहे, गिऱ्हाइकाला दाखवून मगच विक. भागीदार विसरला, ठाण विकले गेले आणि गिऱ्हाईक कोण तेही आठवेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका केली, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. (याच दादीला आधी ठोकळ्यांतल्या छोट्या माणसांबद्दल शंका होती, घरात मूर्ती कशाला म्हणून. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्या आणि पंखवाला घोडा यांची अबू दाऊदमधली हदीस थोरल्यानेच तिला वाचून दाखवली. आता ती त्यातल्या स्वयंपाक्याची टोपी हरवली की स्वतः शोधते.)

आणखी एक बाजू आहे, तिची चर्चा आपल्या घरांत कमी होते. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनी ग्राहकाला बरेच हक्क दिले: विक्रेत्याची माहिती, मालाचा मूळ देश, तक्रार अधिकारी. पण जो माणूस धंदा म्हणून नव्हे, तर आपल्या घरातली वस्तू एखाद्या वेळी विकतो, त्याला हे नियम लागू नाहीत. म्हणजे मेट्रोच्या जिन्याखाली दोन घरांमध्ये होणाऱ्या सौद्यात त्या नियमांची छत्री नसते. तिथे फिक्हची जुनी शिस्त फार उपयोगी वाटते. वेगळे होईपर्यंत दोघांनाही सौदा मोडण्याचा हक्क. खरे बोलून दोष उघड केला तर व्यवहारात बरकत, लपवला तर ती पुसली जाते. हनफी फिक्हमध्ये न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर परत करण्याचाही हक्क आहे. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांकडे न पाहिलेल्या मालाच्या सौद्याबाबत मत याहून कडक आहे, त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही आमच्यापुरता नियम केला: आमच्याकडून घेणाऱ्याने घरी जाऊन मोजावे, तीन दिवसांत सांगावे, पैसे परत.

मग कामाला लागलो. ठोकळे कोमट पाण्यात साबण घालून जाळीच्या पिशवीत धुतले. पाणी 40 अंशांपेक्षा गरम नको, एबीएस वाकडे होते. उन्हात वाळवायचे नाहीत, पांढरे आणि निळे पिवळटतात. पावसाळ्यात पंख्याखाली दोन रात्री लागल्या. मग तीन डबे. एकात अस्सल, दुसऱ्यात जुळणारे पण दुसऱ्या कंपनीचे, तिसऱ्यात सैल आणि तुटके. तिसरा डबा विकलाच नाही. फोटो थरांचे काढले नाहीत, चादरीवर पसरून काढले, शेजारी पट्टी ठेवून. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून लिहिले. आठ खुंट्यांचा नेहमीचा ठोकळा साधारण 2.3 ग्रॅमचा, म्हणजे किलोत सव्वाचारशे. कुणी "किलोत हजार मोठे ठोकळे" म्हणाला तर हिशेब तिथेच चुकतो. दुसऱ्या डब्याच्या जाहिरातीत पहिलीच ओळ लिहिली: हे लेगो नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलासाठी घेऊ नका, तुकडे गिळण्याएवढे आहेत.

जाहिरात अर्थात आमच्या खात्यावरून. अठराच्या आतल्या मुलाने केलेला करार कायद्याने ग्राह्य नाही, आणि अनोळखी माणसाशी मुलाने एकट्याने बोलावे हेही आम्हाला मान्य नव्हते. थोरल्याने मजकूर लिहायचा, पाठवायचे आम्ही.

पहिल्या दोन तासांत एक "गिऱ्हाईक" आले. फौजी आहे म्हणाला, ओळखपत्राचा फोटो पाठवला, भाव न करता पूर्ण रक्कम कबूल. मग एक क्यूआर कोड पाठवून म्हणाला, हा स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील. हे सर्वांनी घरात मोठ्याने वाचावे: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकली म्हणजे पैसे गेले. असे कुणाचे झालेच तर लाजत बसू नका, लगेच 1930 क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम हातातून निसटते.

दुसरा डबा तीन आठवडे पडून राहिला. किंमत किलोला 400 केली. अस्सलच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. शेवटी मोशीच्या एका बाईंनी घेतला, त्या घरी शिकवणी घेतात आणि मुलांना गुणाकार शिकवायला ठोकळे हवे होते. "लेगो नाहीत हे मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "मला मोजायचे आहेत, विकायचे नाहीत."

ट्रक चाकणच्या एका गृहस्थांनी घेतला, तिथल्या कारखान्यात पाळीवर काम करणारे. आम्ही 'संपूर्ण' लिहून 1,800 रुपयांना दिला होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, आवाज संकोचलेला. सेटच्या यादीप्रमाणे मुलाने मोजले, मागच्या दाराची एक कडी नाही. आम्ही यादी ताडली. खरेच नव्हती. आमच्या मोजणीत ती दोनदा धरली गेली होती. फसवायचा हेतू नव्हता, पण 'संपूर्ण' हा शब्द आम्हीच लिहिला होता. सगळे पैसे परत देऊ, ट्रक आणून द्या म्हटले. ते म्हणाले, मुलगा आता सोडणार नाही. मग 200 रुपये परत पाठवले. थोरल्याचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता. ज्याने आम्हाला फसवले त्याच्याबद्दल तो महिनाभर बोलत होता. त्या संध्याकाळी नाही बोलला.

शाबानच्या शेवटी, रमजानच्या आधीची साफसफाई चालू असताना धाकटीने फ्रिजखालून झाडूने काहीतरी बाहेर ओढले. राखाडी रंगाची, नखाएवढी कडी.

टपालाने पाठवता आली असती. पण थोरला म्हणाला, आपण देऊन येऊ. जुम्याच्या नमाजनंतर दोघे बापलेक स्कूटरवर निघाले. तळेगाव चौकात पाऊण तास अडकले, ते चाकणला जाणाऱ्यांना सांगायला नको. इमारतीच्या फाटकाशी तो गृहस्थांचा मुलगा ट्रक काखेत घेऊन उतरला, पायरीवर बसला आणि त्याने कडी लावून दार तीन-चारदा उघडले, मिटले.

घरी पोहोचण्याआधीच मोबाईलवर 200 रुपये आले होते. नको म्हणून फोन केला, तर ते म्हणाले, "कडीचे परत दिले होते ना तुम्ही? कडी आली."